तुमचं माझ्याकडे लक्ष होतं

मावशी, तुमच्या वाचन मंडळातल्या बायका म्हणाल्या, त्यांच्या आठवणींच्या अंकात आम्ही चार-पाच जणी लिहितोय, तूही लिही, तू तर त्यांच्या घरातच राहत होतीस. मी म्हटलं, माझी शाळा नववीतच सुटली, मला काय लिहिता येणार. त्यातल्या जाड चष्म्याच्या बाई म्हणाल्या, बोलतेस तसं लिही, शुद्धलेखन आम्ही बघू. म्हणून बसलेय. तुमचं शिक्षण, नोकरी, परदेश हे सगळं बाकीच्या लिहितील. सोसायटीच्या ग्रुपवरही ते आलंय, तुमच्या फोटोला हार घालून. खाली सगळ्यांचे जोडलेले हात. एकानं चुकून केकचं चित्र टाकलं आणि घाईघाईनं काढलं. तुम्ही असतात तर त्यावर आठवडाभर हसला असतात.

मला तुमच्याशी वेगळंच बोलायचंय. तुम्ही गेल्याचं कळल्यावर दादाचा फोन आला. आधी वाईट झालं म्हणाला, आणि मग लगेच, "आता तिथं कोण हाय तुझ्यावर लक्ष ठेवायला? सामान बांध आन् घरी ये." तुमचे भाचे फ्लॅट बंद करायला येणार, मला खोली सोडावी लागणार, हे त्याला माहीत होतं. ते यायच्या आत मला दादाला उत्तर द्यायचं होतं. राहते, की येते. असलं काही आलं की मी तुम्हाला विचारायचे. तुम्ही सरळ उत्तर कधीच दिलं नाहीत, उलट मलाच चार प्रश्न घालायच्या, पण विचारलं की छातीतली धडधड कमी व्हायची. या वेळी ती कमी झाली नाही.

मी तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा तुम्हाला काय म्हणावं हेच कळेना. माझी चुलत वहिनी तुमच्याकडे स्वयंपाकाला यायची, मी तिच्याच घरी शिरवण्याला राहायचे. ती आणि तिचा नवरा चाकणला राहायला गेले आणि जाताना तिनं मला तुमच्याकडे आणून उभं केलं. तुम्हाला घरात कुणीतरी सोबत हवं होतं, मला राहायला जागा हवी होती. मी काकू म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, काका कुठायत? मॅडम म्हटलं, तर म्हणालात, शाळा सोडलीस ना, मग आता मॅडम कशाला. मग मी मावशी म्हटलं आणि तुमचा चेहरा उतरला. "ते नको," म्हणालात. तेवढंच.

मला ते फार लागलं होतं. इथं सोसायटीत भांडी घासायला, लादी पुसायला येणाऱ्या बायकांना सगळे मावशी म्हणतात. मला वाटलं, शिकलेली बाई आहे, त्या रांगेत बसवलं म्हणून राग आला. मग मी तुम्हाला काहीच म्हणायचं सोडून दिलं. नुसतं "अहो". अहो, चहा ठेवू का. अहो, बेल वाजतीय. तुम्ही शेजारच्या बाईंना सांगितलंत, ही मला अहो म्हणते, आमचं लग्न लागल्यासारखं. त्या हसल्या, मीही हसले, पण आतून मला वाटत होतं की माणूस इतकं जवळ राहून शब्दाला एवढं का जपतं.

तुमच्या चहाचंही तसंच. पहिल्या सकाळी तुम्ही कोरा चहा घेतला आणि त्यात चमचाभर मोरांबा घातला. मला वाटलं दूध संपलंय आणि सांगायला लाजताय. मी गुपचूप खाली जाऊन दुधाची पिशवी आणली. तुम्ही पिशवीकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि दूध तापवून मला प्यायला लावलंत. म्हणालात, मी शिकायला होते तिथं असाच घेतात, फळाचा मुरंबा घालून, आपला आंब्याचा त्यात शोभत नाही पण सवय जात नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही रशियात शिकलात, तिथं कम्युनिस्टांचं राज्य होतं तेव्हा. लेनिनग्राद. मी फोनवर नकाशात ते गाव शोधलं, सापडेना. तुम्ही म्हणालात, शहर आहे तिथंच आहे, नाव तेवढं पळून गेलं.

नकाशा माझ्या फोनवर कायम उघडाच असायचा. मी नवी मुंबईला आले त्या दिवशीच दादानं माझं लोकेशन त्याच्या फोनवर चालू करून घेतलं होतं. औशाकडच्या आमच्या गावात बसून त्याला दिसायचं की बहीण कुठं आहे. माझा गोल फोटो नकाशावर फिरायचा. महाप्याला आमच्या कंपनीत, जिथं मी औषधांच्या पॅकिंगला आहे, फोन गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्यामुळे दादाला वाटायचं, मी दिवसभर गेटवर उभी आहे. एकदा विचारलंही त्यानं, तुला आत घेत न्हाईत का? त्याला समजावताना मी रडकुंडीला आले होते.

आणि त्या दिवशी आपण सीवूडला मासळी घ्यायला गेलो. तुम्ही कोळणीशी बोंबलावरून घासाघीस करत होतात आणि माझा फोन वाजला. तिथं काय करायलीस, कुणासंगं हाईस. मी सांगितलं. घरी येताना तुम्ही म्हणालात, "कोण गं तो, तुझा भाऊ की पोलीस कमिशनर?" मी हसले नाही. काळजी करतो, म्हटलं. तुम्ही बोंबील धुवायला घेतलेत आणि पाठमोऱ्याच बोलायला लागलात. तुम्ही महत्त्वाचं सगळं पाठमोऱ्याच सांगायच्या.

तुमच्या होस्टेलमध्ये जिन्याच्या तोंडाशी एक टेबल होतं आणि टेबलामागे एक बाई. मजल्यावर कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या खोलीत कोण किती वेळ बसलं, कुठलं गाणं लागलं होतं, हे सगळं ती बघायची आणि वर कुठल्यातरी ऑफिसात सांगायची. ती सांगते हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. तिचं नाव नीना. पोरी तिला त्योत्या नीना म्हणायच्या. पहिल्याच थंडीत तुम्ही तापानं फणफणलात. तेव्हा त्या बाईनं घरून कोबीचं सूप आणलं, पाठ शेकायला मोहरीचे कागद लावले, तुमच्या उशाशी बसून राहिली, तुमचे केस विंचरले. तुम्ही म्हणालात, "ताप चढल्यावर मी जे बडबडले तेही तिनं वर कळवलंच असणार. मराठीत बडबडले असेन तर बिचारीची पंचाईत झाली असेल."

आणि मग बोंबलाचं पाणी निथळत म्हणालात की त्योत्या म्हणजे मावशी.

मी तिथंच ओट्यापाशी उभी राहिले. इतके महिने मी मनात धरून बसले होते की तुम्हाला मोलकरणीच्या रांगेत बसायचं नाही. तुम्हाला त्या टेबलामागे बसायचं नव्हतं. मला माफ करा म्हणणार होते, पण तोवर तुम्ही हळद मीठ मागितलंत.

तो देश सोडून तुम्ही निघालात त्या दिवशी नीना टेबलाशी होती. तुम्ही बॅग उचलून तिच्यासमोरून गेलात आणि तिच्याकडे बघितलंही नाही. ती काहीतरी बोलली, तुम्ही ऐकलं नाहीत. ही गोष्ट तुम्ही मला तीनदा सांगितलीत आणि दर वेळी अशी सांगितलीत की जणू पहिल्यांदाच सांगताय. त्या बाईला धन्यवाद म्हणायला हवं होतं की तिच्या तोंडावर थुंकायला, हे तुम्हाला या वयापर्यंत ठरवता आलं नव्हतं.

गाल्याचं मात्र तुम्ही एकदाच सांगितलंत. ती तुमची खोलीतली जोडीदारीण, तिथलीच मुलगी. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्हा बाहेरदेशच्या पोरांना परवानगी मिळायची. तुम्ही गाडीत बसून थेट पश्चिम बर्लिनला जाऊ शकायच्या. गाल्याला जाता यायचं नाही. तिचाच देश, आणि दारातून बाहेर पाऊल टाकायला तिलाच मनाई. तिनं तुमचा ब्लाउज इस्त्री करून दिला, स्टेशनवर पोचवायला आली. तुम्ही तिकडं मनसोक्त हिंडलात. कुठल्याही रस्त्यानं जा, कुठंही बसा, कुणी विचारत नाही. परत आलात ते तिच्यासाठी पायमोजे घेऊन आणि सांगायला पोटभर गोष्टी घेऊन. गाल्यानं पायमोजे घेतले, छान आहेत म्हणाली, आणि एकही प्रश्न विचारला नाही. कसं होतं, एवढंसुद्धा नाही. तुम्हाला तेव्हा राग आला होता. एवढं सांगून तुम्ही टीव्ही लावलात.

माझं आणि तुमचं भांडण त्यानंतर लागलं. माझं म्हणणं वेगळं होतं मावशी, आणि अजूनही थोडं वेगळंच आहे. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं शेजारच्या गावाला चालत जायचं. आमच्या आळीतली एक पोरगी एका पोराबरोबर पळून गेली आणि पुढच्या आठवड्यात आळीतल्या सगळ्या पोरींच्या शाळा बंद झाल्या. पळाली ती, शाळा सुटली माझी. इथं कंपनीत मी ठेकेदाराची माणूस. सकाळी गेटवर कार्ड दाखवताना रोज वाटतं, आज कामावर घेतील ना. डोक्यावर कॅमेरा, बाथरूमला जायचं तर सुपरवायझरला सांगून, सुटताना पिशवी उघडून दाखवायची. आणि तुम्ही सांगायच्या की तिथं शिक्षण फुकट होतं, कामावरून काढत नव्हते, पोरी इंजिनिअर व्हायच्या. तर मी भाकरी थापता थापता म्हणाले, मला कुणी विचारलं तर मी तोच देश घेते.

तुम्ही म्हणालात, "तुला विचारलंच नसतं, शोभा."

मी म्हणाले, "मग इथं तरी कुणी विचारलं?"

मला भीती वाटली की आता तुम्ही मला घरातून काढणार. मी असंच समजते, आवाज जरा वर गेला की काढणार. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात, कांदा फोडलात, म्हणालात, तिथला काळा पाव याच्या जवळ जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चपला घालत होते तेव्हा दारात येऊन म्हणालात, "तुझं बरोबर आहे. पण..." आणि माझी बस होती. मी म्हटलं, आल्यावर सांगा. आल्यावर तुम्हाला आठवलं नाही, मलाही विचारायचं सुचलं नाही. त्या 'पण'च्या पुढं काय होतं? मी आता सारखी आपल्या आपण तिथं काहीतरी जोडून बघते. माझ्या अकलेनं जेवढं जोडता येतं तेवढंच येतं.

मग दादानं तुमच्याच फोनवर फोन केला. स्पीकरवर होता, मी समोर. त्यानं नमस्कार केला, तब्येत विचारली, आणि म्हणाला, ताई, जरा तिच्यावर लक्ष ठेवा, कधी येती, कुणाशी बोलती, मला कळवत जावा. मी खाली मान घातली. तुम्ही चष्मा काढलात.

"हे बघा, मी तिच्याकडे लक्ष ठेवीन," तुम्ही म्हणालात. "तिच्यावर नाही ठेवणार."

दादाला काहीच कळलं नाही. तो म्हणाला, हां हां, तेच तेच.

मला कळलं. माझी आई शेतात जाताना सांगून जायची, चुलीवरच्या दुधाकडे लक्ष ठेव. आणि शेजारचं कुत्रं अंगणात शिरलं की म्हणायची, त्याच्यावर लक्ष ठेव. इतकी वर्षं दोन्ही ऐकत आले, पण आपण दूध आहोत की कुत्रं, हा विचार कधी केला नव्हता. मग तुम्ही फोन ठेवलात. तुम्ही म्हणालात, चल, आता म्हण मावशी. मी लगेच म्हणू शकले नाही. दुसऱ्या दिवशी म्हटलं, तेही आतल्या खोलीतून, ओरडून, मावशी पाणी गेलंय म्हणून.

त्यानंतर तुम्ही माझ्या मागेच लागलात. लोकेशन बंद कर. कधी प्रेमानं, कधी चिडून. एवढंसं बटण आहे, दाब. मी दाबलं नाही. करते, करते म्हणायचे. तुम्ही शेवटी म्हणालात, तुला पिंजऱ्याची सवय झालीय, आणि दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाहीत. तुम्ही मला भित्री समजलात. आहेच मी भित्री. पण बटण त्यासाठी ठेवलं नव्हतं.

दादा दिवसभर बघायचा ते खरं. पण संध्याकाळी दिवा लावून झाला की आई त्याच्याकडून फोन मागून घ्यायची. तिला वाचता येत नाही. तिला फक्त माझा गोल फोटो ओळखू यायचा आणि त्याच्या शेजारचं निळं पाणी. ती खाडी आहे, हे मी तिला सांगितलेलं. ती रोज विचारायची, पोरगी पाण्याच्या इतक्या कडंला का राहती. आणि फोटोवरून बोट फिरवायची, त्यानं नकाशा कुठल्या कुठं सरकायचा आणि दादा ओरडायचा. हे मला बहिणीनं सांगितलं होतं. मी ते बटण आईसाठी चालू ठेवलं होतं मावशी. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही माझ्या आईलाही त्या जिन्यापाशी टेबल टाकून बसवाल अशी मला भीती वाटली. आता वाटतं, तुम्ही नसतं बसवलं. तुम्हीच तर त्या नीनाला काय म्हणायचं ते ठरेना म्हणून झुरत होतात. तुम्हाला समजलं असतं. सांगायला हवं होतं.

तुम्ही गेलात त्या दुपारी मी पॅकिंगच्या लाइनवर होते आणि फोन लॉकरमध्ये. वॉचमनकाका फोन करत राहिले, शेजारच्या बाई करत राहिल्या. गावात बसलेल्या दादाला दिसत होतं मी कुठं आहे ते. इथं माझ्यासाठी जीव तोडून फोन करणाऱ्यांना माझ्यापर्यंत पोचता येत नव्हतं. शिफ्ट सुटल्यावर लॉकर उघडला. हॉस्पिटलात पोचले तेव्हा शेजारच्या बाईंनी मला मिठी मारली, तेव्हाच समजले. नंतर घरी बायका म्हणत होत्या, सुटल्या, अंथरुणाला खिळून पडायची वेळ आली नाही. मला त्यांना विचारावंसं वाटलं, कशातून सुटल्या? त्यांना तर राहायचं होतं. परवाच मोरांब्यासाठी कैऱ्या आणून ठेवल्या होत्या.

मी कधी तुम्हाला धन्यवाद म्हटलं नाही. आमच्यात घरच्या माणसाला म्हणत नाहीत. पण तुमच्या बाबतीत तसं नव्हतं. मला वाटायचं, म्हटलं की हिशोब मिटल्यासारखं होईल आणि तुम्ही जा म्हणाल.

मग दादाला फोन केला. आधी तोंड धुतलं. म्हटलं, दादा, मी येत नाही. शिरवण्याला खोली बघते, कामावरच्या दोघी सोबत आहेत. तो ओरडेल म्हणून मी फोन कानापासून लांब धरला होता. तो ओरडला नाही. म्हणाला, बरं. मग आता मी कशाला बघू तुला, कुठं मरायचं तिथं मर. आणि त्यानंच त्याच्या फोनमधून मला काढून टाकलं.

तुम्हाला पाहिजे होतं ते झालं बघा. पण असं नको होतं. त्या संध्याकाळी मी नेरुळला आपल्या स्टॉपवर बसमधून उतरले आणि तिथंच उभी राहिले. कुठंही जाता आलं असतं. वाशीला जा, बेलापूरला जा, कुणाला पत्ता लागणार नाही. तुम्ही बर्लिनच्या रस्त्यावर हिंडलात तेव्हा तुम्हाला कसं वाटलं, ते तुम्ही किती रंगवून सांगायच्या. मला तसं काही वाटलं नाही. कुणीतरी मला कुठंतरी ठेवून विसरून गेलंय असं वाटलं. आणि आई दिवा लावून फोन मागेल, दादा म्हणेल त्यात आता कुणी नाही, हे डोळ्यापुढून हलेना. हे मला तुमच्याशी बोलायचं होतं. तुम्हाला परत यायला होस्टेल होतं, गाल्या होती, म्हणून तिकडं मोकळं वाटलं का? की मला सवय नाही म्हणून मला वाटलं नाही? तुम्ही चिडला असतात, आणि मग दोन दिवसांनी दारात येऊन काहीतरी म्हणाला असतात.

चौथ्या दिवशी अनोळखी नंबर आला. आई होती, शेजारणीच्या फोनवरून. ती फोनवर कधी धड बोलत नाही, फोन घट्ट धरते आणि ओरडते. "आज कुठं हाईस गं?" मी सांगितलं कुठं आहे ते. खिडकीतून काय दिसतं तेही सांगितलं. दादा रागात हाय, ती म्हणाली, आणि मग हळू आवाजात म्हणाली, र्‍हा. आता ती दर दोन दिवसांनी करते. नकाशात बघून जे कळत नव्हतं ते विचारते, बघायच्या खोलीला खिडकी असेल का, संगतीच्या पोरी चांगल्या आहेत का. काही खरं सांगते, काही तिला घोर नको म्हणून झाकते. तेवढं मला आता झाकता येतं.

काल शिरवण्याची खोली बघायला गेलो. घरमालकीण इथल्याच गावची, आगरी, पदर खोचून दारात बसलेली. तिनं आम्हा तिघींना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नियम सांगितले. कवा येता, कवा जाता, कोन भेटायला येतं, समदा तिला सांगायचं. सोबतच्या दोघी हो हो म्हणाल्या. मीही अशा वेळी कायम हो म्हणत आलेय, गेटवर, लाइनवर, घरी. या वेळी मी म्हटलं, मावशी, सांगीन. पण कशासाठी, ते आधी सांगा.

दोघींनी मला चिमटा काढला. आता खोली गेली, असं मलाही वाटलं. ती बाई हसायला लागली.

"अगो, राती आतली कडी लावाची का नाय, त्यां मना कलाया नको?" आम्ही सगळ्या आत आलो की मगच तिला दार लावून झोपायचं होतं.

खोली मिळाली, मावशी. मी विचारलं आणि मला कुणी काढलं नाही. हे ऐकायला तुम्ही हव्या होतात.